'ए' की 'ई'

डॉकयार्डच्या ऑफिसात छत्तीस वर्षं मी साहेबांची इंग्रजी पत्रं दुरुस्त केली. त्यामुळे माझगावच्या आमच्या चाळीत कुणाचाही अर्ज तात्यांच्या, म्हणजे माझ्या, नजरेखालून गेल्याशिवाय पोस्टात पडत नसे. त्याचा मला माज होता. होता म्हणतोय, नीट ऐका.

समोरच्या बेट्टीचा नवरा निकोलस गेला. महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे त्याच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, वाटायला तिने कार्ड लिहिलं. चाळीस वर्षं त्याने चर्चच्या वेदीची सेवा केली, मेणबत्त्या लावल्या, फुलं मांडली, असा मजकूर. वेदी म्हणजे इंग्रजीत ऑल्टर. तिने शेवटून दुसरं अक्षर 'ए' लिहिलेलं. मी पेन काढून तिथे 'ई' केला.

"तात्या, आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात 'ए' असतो ना?" ती हळूच म्हणाली.

"अगं, खालच्या टेलरची पाटी बघ. ऑल्टरेशन. 'ई'च आहे. मला शिकवतेस?"

तिने तसंच छापायला दिलं. दीडशे कार्डं 'ई'ने छापून आली.

मिस्सेच्या दिवशी बाकीच्यांसाठी कार्डं टोपलीत होती. माझं मात्र तिने पर्समधून काढून हातात दिलं. मी ऐटीत बाकावर बसलो. शेजारी निकोलसचा भाचा स्टीव्ह होता. "ड्राफ्ट आपला हां," त्याला सांगूनही टाकलं. तो कसनुसा हसला. मग त्याच्या कार्डाकडे नजर गेली. 'ई' खोडून निळ्या पेनाने 'ए' काढलेला. पुढच्या बाईच्या कार्डावरही तेच. माझ्याच कार्डावर 'ई' तसाच होता.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. ती आधी उघडायला काय झालं होतं मला! 'ए'चा ऑल्टर म्हणजे वेदी, लॅटिनमधल्या 'उंच' या शब्दाशी त्याचं नातं लावतात. 'ई'चा म्हणजे बदलणं, आणि मुळात 'दुसरा'. म्हणजे बिचाऱ्या निकोलसला मी चाळीस वर्षं टेलरच्या दुकानात बसवलं होतं. शब्द चुकल्याची लाज वाटलीच, पण नवरा गेलेल्या बाईने एकेक कार्ड हाताने सुधारलं आणि माझं तेवढं वगळलं, ही लाज सोसवेना. कार्ड घेऊन तसाच तिच्या दारात गेलो.

"बेट्टी, तुला ठाऊक होतं, मग छापू का दिलंस?"

"तुमच्याशी वाद कोण घालणार, तात्या?"

"आणि माझंच कार्ड का सोडलंस?"

"चारचौघांत तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वाईट वाटायलाच हवं होतं. मी तिला तिच्याच नवऱ्याबद्दल धड बोलू दिलं नव्हतं. कार्ड पुढे केलं. म्हटलं, "माझं राहिलंय. एवढं दुरुस्त कर."

तिने चष्मा लावला, निळं पेन उचललं, 'ई' खोडून सावकाश 'ए' काढला. मग कार्ड माझ्यासमोर धरून सवयीने विचारलं, "बरोबर आहे ना, तात्या?"