रोहिदासने कॉलेज तपासलं

भिसेगावच्या रोहिदासला तेहतिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत जायची हुक्की आली. शाळा म्हणजे एमबीए, आणि तेही फायनान्सचं. कुंभिवलीच्या प्लास्टिकच्या पिंपांच्या कारखान्यात तो दहा वर्षं क्वालिटी खात्यात होता. पिंप फिरवायचं, उजेडाला धरायचं आणि पास की नापास ते सांगून मोकळं व्हायचं. दुसऱ्याला नापास करण्यात उमर गेलेला माणूस स्वतः परीक्षेला बसतोय, याचं त्याला मनातल्या मनात फार कौतुक वाटायचं. बाकी कुणाला वाटत नव्हतं.

त्याची बायको पौर्णिमा कर्जतच्या एका पतसंस्थेत रोखपाल होती. ती म्हणाली, "नोकरी सोडा, माझं काही नाही. दोन वर्षं मी ओढते घर. पण कॉलेज नीट बघून घ्या. पुन्हा दोन वर्षं ओढायला सांगाल तर जमणार नाही."

कॉलेजं उरली होती दोन. पनवेलकडचं काचेचं कॉलेज जागा द्यायला तयारच होतं, नुसता होकार कळवायचा. पुण्याच्या जुन्या कॉलेजात मुलाखत बाकी होती. दोन्हीकडची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

दुसऱ्या कुणी तिथल्या जुन्या मुलांना गाठून चार गोष्टी विचारल्या असत्या. रोहिदासने कारखान्याच्या ऑडिटची यादी काढली आणि तिच्यावरून नवी बेतली. गुरुवारी पुण्याच्या गाडीत, घाटातली ठाकुरवाडी मागे पडायच्या आत चाळीस मुद्दे झाले. जिन्याचा कठडा. विजेच्या बोर्डासमोरचं रबरी पायपुसणं. आग विझवायच्या लाल सिलिंडरची तारीख. एकेचाळिसावा मुद्दा शिकवण्याचा होता, पण तोवर कागद संपला.

पुण्याचं कॉलेज नापास झालं. सिलिंडरची मुदत आठ महिन्यांपूर्वी सरलेली, नळ गळका, प्रोजेक्टर चार जाड पुस्तकांवर बसवलेला. वर हर्षला मॅडम नावाच्या प्राध्यापिकेने मुलाखतीत त्याला धारेवर धरलं.

"फायनान्सच का?"

"लहानपणापासून मला मार्केटची ओढ आहे," रोहिदासने पाठ केलेलं सांगितलं.

"लहानपणी कुठलं मार्केट बघितलंत?"

"आठवडी बाजार," तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

मॅडम हसल्या, पण सोडलं नाही. "खरं उत्तर सापडलं की फोन करा. शनिवारी पाचपर्यंत तुमची जागा ठेवते."

घरी आई, चंद्रभागा, ओट्यावर वाल सोलत बसली होती. त्याने सगळा अहवाल वाचून दाखवला. आई म्हणाली, "आनि शिकवनारी बाई कशी हाय रं?"

"आई, ते यादीत नव्हतं."

आईने सालं सुपात टाकली आणि जुन्या चालीवर नवी ओवी रचली:

"लेक माझा गं शहाना, शाळा बघाया निघाला,
नळ गळतो म्हनून, यानं मास्तर नापास केला."

पौर्णिमा आतून मोठ्याने हसली. रोहिदासने यादीची घडी करून खिशात घातली. अपमान झाला तरी पद्धत सोडायची नाही, असं क्वालिटीवाल्यांचं असतं.

शुक्रवारी तो मोटारसायकलवरून चौक गावामार्गे पनवेलला गेला. तिथे सगळं कसं सुरेख! सिलिंडर ताजे, कठडे चकचकीत, प्रत्येक दारावर पाटी. चाळीसपैकी एकोणचाळीस. चाळिसावा द्यायला तो ग्रंथालयात शिरला, तर जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याला त्याचा बूट चिकटला.

त्या रंगाचा वास त्याच्या ओळखीचा होता. बाहेरचे ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी कारखान्यात तो स्वतः हाच रंग मारून घ्यायचा. नोंदवहीही तोच भरायचा, सहा महिन्यांची, एका बैठकीत, तीन वेगवेगळ्या पेनांनी. त्याने ग्रंथालयाची वही उघडली. पेनं तीन होती, अक्षर एकच. पहिल्यांदा त्याला कारागिराचा आनंद झाला. काय सफाई! मग घाम फुटला.

कॉलेज दाखवायला बरोबर रिया नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. त्याने विचारलं, "वर्गात सर तुम्हाला काय काय विचारतात गं?"

"काहीच नाही, सर. स्लाईड पाठवतात. आम्ही वाचतो," ती म्हणाली, आणि आजूबाजूला बघून हळूच, "कधीकधी."

एवढं कळूनही शनिवारी दुपारी त्याने मोबाईलवर पनवेलचाच होकाराचा फॉर्म उघडला. पौर्णिमा अर्ध्या दिवसाची पतसंस्था उरकून आली होती. तिने डोकावून बघितलं.

"वही खोटी आहे ना तिथली?"

"हो."

"मग?"

"तिथे कुणी 'का' विचारत नाही गं."

"मी विचारते. का?"

आता मात्र त्याला यादी सुचेना. फोन बाजूला ठेवून तो बोलू लागला. प्लास्टिक वितळवतात त्या खात्यात भिवाजीकाका दिवसभर खोकतात. धूर बाहेर खेचणारा पंखा मागायला रोहिदासने चौदा स्लाईड केल्या. मीटिंगमध्ये फायनान्सच्या एका पोराने स्क्रीनकडे बघून म्हटलं, "पेबॅक बसत नाही." तेवढ्यावर विषय संपला आणि चहा आला.

"मला तो शब्दच कळला नव्हता," रोहिदास म्हणाला. "तरी मी मान डोलावली, पौर्णिमा. काकांच्या समोर."

"अहो, मग हेच सांगायचं होतं त्या मॅडमना!"

"मार्केटची ओढ जरा बरी दिसते."

तिने फोन त्याच्या हातात नीट धरवला. पावणेपाच झाले होते. पुण्याला फोन लागला. त्याने अडखळत सगळं सांगितलं, मान डोलावल्याचंसुद्धा.

"पेबॅक म्हणजे काय, आता माहीत आहे?" हर्षला मॅडमनी विचारलं.

"व्याख्या पाठ आहे. घातलेला पैसा किती वर्षांत परत येतो, ते."

"मग पंख्याचा का बसला नाही?"

रोहिदासच्या तोंडावर दोन पुस्तकी उत्तरं आली. त्याने ती गिळली. "खोकला कुठल्या रकान्यात धरायचा, ते मला येत नाही, मॅडम."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मग मॅडम म्हणाल्या, "मलाही नीट येत नाही. सोमवारी कागदपत्रं घेऊन या."

"काय म्हणाल्या?" पौर्णिमाने विचारलं.

"त्यांनाही येत नाही म्हणाल्या."

तिने कपाळाला हात लावला. "म्हणजे चालती नोकरी सोडून, ज्यांना येत नाही त्यांच्याकडे शिकायला जायचं?"

"हो," रोहिदास म्हणाला, आणि राजीनामा लिहायला कोरा कागद शोधू लागला.