सहीची संत्री

"आतलं काही काढायचं नाही," मोडीच्या आवारातला कारकून म्हणाला. "गाडी आहे तशी द्यायची. आरसा नाही, नट नाही, काही नाही."

को टिन, म्हणजे माझे यजमान, जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. त्यांना गिअरच्या दांड्यावरचा लाकडी गोळा तेवढा काढून घ्यायचा होता. मूळचा फुटल्यावर त्यांनी फणसाच्या लाकडाचा तुकडा घासून घासून तो बसवला होता, आणि पुढची सगळी वर्षं तळव्याने गुळगुळीत केला होता. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला. आदल्या दिवशी कलॉहून निघण्याआधी अर्धा दिवस ते ती जीप धूत बसले होते. मोडीत जाणाऱ्या गाडीला कसली आंघोळ घालताय, लग्नाला नेताय का, असं मी म्हटलंही. पण माझं ऐकतील तर ते को टिन कसले.

खिडकीशी सही करायला उभे होते ते को थेन माऊं. नवी कोरी लुंगी, खिशाला पेन. गाडी आमची, घाम आमचा, आणि सही त्यांची. परक्या माणसाला याचं नवल वाटेल, आमच्या गावात कुणाला वाटणार नाही. आमच्याकडे गाडी घेणारा नाव बदलून घेतच नसे. नाव बदलायला जेवढे पैसे लागायचे, तेवढ्यात चार टायर येत. पैसे द्यायचे, किल्ली घ्यायची, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घडी घालून जपून ठेवायची. कागदावर मालक जुनाच राहायचा. वर्षातून एकदा परवाना नवा करताना त्याच्या घरी जाऊन सही आणायची, की झालं. माझी आई म्हणायची, हे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने पोर वाढवणं झालं. तिचं बोलणं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.

दर जानेवारीत आम्ही को थेन माऊंकडे जायचो. टोपलीभर संत्री आणि मुरवलेल्या चहापत्तीचा एक पुडा. संत्री मी एकेक हातात घेऊन निवडायचे, बुद्धापुढे ठेवायला निवडावीत तशी. ते पडवीत बसून सही करायचे, त्यांची बायको भात वाढायची, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत परत. गावातले दुसरे जुने मालक सहीसाठी अडवून धरायचे, एकाने तर आख्खं डुक्कर मागितलं होतं. को थेन माऊंनी चोवीस वर्षांत कधी काही मागितलं नाही. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं मी चारचौघांत सांगत फिरायचे.

जीप थकली होती यात शंका नाही. युद्धानंतर साहेब लोक टाकून गेलेल्या गाड्यांतली ती. डोंगरावरच्या गावांतून आलं, कोबी, आजारी माणसं आणि अडलेल्या बायका तिने खाली आणल्या. चासीला दोनदा वेल्डिंग झालं होतं. गेल्या पावसाळ्यात वरच्या खिंडीत ब्रेक सुटले आणि अकरा माणसांसकट ती उताराने मागे मागे घसरत गेली. को टिननी मागचं चाक डोंगराच्या कुशीत घातलं म्हणून वाचलो. त्यानंतर लोक चढण्याआधी ब्रेकची चौकशी करायला लागले. काहीजण तोंडावर काही न बोलता पायी जायला लागले. आम्हाला दुसरं काही येत नव्हतं. गाडी गेली की चूल गेली.

त्याच वर्षी सरकारने ती योजना काढली. चाळीस वर्षांहून जुनी गाडी मोडीत द्यायची, तिच्या बदल्यात चिठ्ठी घ्यायची, आणि त्या चिठ्ठीवर परदेशातून एक वापरलेली गाडी मागवायची. एरवी आमच्यासारख्याला बाहेरून सायकल आणणंही जमलं नसतं. गाडीच्या किमतीला वरची मर्यादा होती, ती आमच्या ऐपतीला बरोबर बसत होती. जिथे तिथे तोच विषय. कोंबड्यांच्या खुराड्यात गंजत पडलेल्या गाड्यांना एकाएकी सोन्याचा भाव आला.

बाजारात एक दलाल जपानी गाड्यांची छापील चित्रं घेऊन बसायचा. को टिन तीन आठवडे त्याच्या बाकावर ठाण मांडून होते. दलाल बाहेरचा रंग दाखवायचा, हे खालच्या बाजूचं चित्र मागायचे. शेवटी त्यांना हवी ती सापडली. सोळा वर्षं जुनी पजेरो, गडद हिरवी, डिझेलवर चालणारी, चासी कोरडी, कुठे गंज नाही. मागच्या काचेवर कुणा जपानी पोराने एक चित्र चिकटवलेलं होतं, बर्फावरून घसरणारं अस्वल. ते चित्र मी खरवडून काढीन म्हणाले, तर को टिन म्हणाले, राहू दे, गिऱ्हाइकांना गाडी ओळखायला बरी. चित्राचा कागद ते खिशात घेऊन फिरायचे. विहारातल्या भिक्खूंनासुद्धा दाखवून आले.

तर त्या दिवशी मंडालेच्या आवारात को थेन माऊंनी सही केली आणि कारकुनाने चिठ्ठी त्यांच्याच हातात दिली. नाव त्यांचं होतं, दुसऱ्या कुणाला देणार? त्यांनी ती घडी करून पेनामागे खोचली. म्हणाले, बँकेत खातं माझ्याच नावाने उघडावं लागेल, तेव्हा राहू दे माझ्याकडे. मग गाडीचा नंबर हवा म्हणून ते चित्रही मागून घेतलं. को टिननी ते काढून दिलं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय पुढच्या बाकाखाली दाबला जात होता. मला हसू आलं. आता थोडेच दिवस, मी म्हटलं.

दोन महिने गेले. पैसे कधी भरायचे ते विचारायला को टिन चारदा गेले. एकदा साहेब रजेवर होता, एकदा बँकेत गर्दी होती, दोनदा को थेन माऊं घरीच नव्हते. मला संशय आला नाही, खोटं कशाला सांगू. सज्जन माणसाचा संशय घेण्यापेक्षा मी सरकारला शिव्या घालत बसले.

मग एका बाजाराच्या दिवशी मी कोबीच्या ढिगाशी घासाघीस करत असताना मागून गाडीचा आवाज आला. लोक बाजूला झाले. गडद हिरवी पजेरो माझ्या कोपराला घासून गेली. मागच्या काचेवर अस्वल होतं.

हातातला कोबी तिथेच टाकून मी तिच्या मागे चालत निघाले. चढावर गाडी दिसेनाशी झाली, पण कुठे जायचं ते मला ठाऊक होतं. को थेन माऊंच्या दारात ती उभी होती, त्यांचा जावई फडक्याने तिचे दिवे पुसत होता. को थेन माऊं पडवीत बसले होते, सहीच्या दिवशी बसायचे तिथेच. मला बघून दचकले नाहीत. बसा म्हणाले, चहाचा पेला पुढे केला.

मी बसले नाही. मी विचारलं, "ही गाडी कुणाची?"

"माझी," ते म्हणाले. "चिठ्ठी माझ्या नावाची होती, मा न्युंट. जीपही माझ्या नावाची होती."

एवढं आवाज न चढवता बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी मात्र गल्ली गोळा होईल इतकं बोलले. आमच्या पोटावर पाय दिलात, चोवीस वर्षांची संत्री तुमच्या घशात अडकतील, असं काय काय. जावई फडकं घेऊन आत गेला. को थेन माऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले आणि आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले.

"तुमच्या जीपचे पैसे," ते म्हणाले. "दिलेत तसेच आहेत. मी हात लावलेला नाही."

झाकण उघडलं तर आत पंचाहत्तरच्या आणि पस्तीसच्या नोटा, तेव्हा आमच्याकडे चालायच्या तशा. लाल दोऱ्याने मीच बांधलेली पुडकी. सत्त्याऐंशी साली आम्ही जीप घेतली तेव्हाची. त्याच वर्षी सप्टेंबरात एका सकाळी रेडिओवर सांगितलं की या नोटा आजपासून रद्द. बदलून मिळणार नाहीत, काही नाही. देशभर लोकांनी रडून घेतलं. आमच्या घरी रडायला काही नव्हतं, कारण आमचं जे होतं ते तीन आठवड्यांपूर्वी को थेन माऊंच्या घरी गेलं होतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. तेव्हा मी को टिनना म्हटलंही होतं की अर्धं नुकसान आपण सोसू या. ते म्हणाले, तो बोलू दे, मग बघू. को थेन माऊं बोलले नाहीत. पहिल्या जानेवारीत आम्ही भीत भीत गेलो, त्यांनी सही केली. मग ते नशीबच होतं असं आम्ही ठरवून टाकलं.

"आईला मंडालेच्या दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून गाडी विकली," को थेन माऊं म्हणाले. "मग तिला नेलं नाही."

माझा आवाज बसला होता. "एवढं होतं तर सह्या का करत राहिलात?"

"दर वर्षी वाटायचं, या खेपेला तो बोलेल."

"काय बोलायचं होतं त्यांनी? रेडिओवर काय सांगणार ते त्यांना थोडंच ठाऊक होतं."

को थेन माऊंनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "घरी जाऊन विचारा," ते म्हणाले.

रस्त्याने येताना मला आईची कुरकुर आठवायला लागली. आम्ही जीप घेतली ती वर्षावासात. भिक्खू विहारात बसलेले असतात त्या तीन महिन्यांत आमच्यात लग्न करत नाहीत, घर बदलत नाहीत, मोठी खरेदी करत नाहीत. आई म्हणाली होती, महिना-दोन महिने थांबा, कंदिलांचा सण होऊ दे. विहाराला एक दिवस न चुकवणारे को टिन तेव्हा को थेन माऊंसमोरच म्हणाले, याच आठवड्यात. मला वाटलं होतं, हौस आहे माणसाला.

घरी ते पायरीवर बसून विळ्याला धार लावत होते. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि उघडला. पजेरोचं सांगितलं. ते नोटांकडे बघत राहिले. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही.

"वर्षावासात घाई का केली होतीत?" मी म्हटलं.

विळा दगडावर थांबला. मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते दुसऱ्याचा ट्रक चालवायचे. थाझीहून येताना शेजारी दोन प्रवासी बसले होते, चांगल्या कपड्यांतले. मोठ्या नोटा पुन्हा जाणार, असं एक दुसऱ्याला हळूच सांगत होता. दोन वर्षांपूर्वी एकदा गेल्याच होत्या, त्यामुळे थट्टा वाटली नाही.

"खात्री नव्हती," को टिन म्हणाले.

"मग को थेन माऊंच का?"

"दुसरं कुणी विकत नव्हतं."

विळ्याने तोडावं तसं ते वाक्य होतं, आणि ते खरं होतं. मला को थेन माऊंचा राग आलेला होता, तो गेला नाही. आमची गाडी त्यांनी नेली ती नेलीच. पण फसवलं गेल्यावर एका माणसाकडे बोट दाखवून रडता येतं, तेवढंही मला राहिलं नाही. मी भरलेल्या प्रत्येक टोपलीत काय होतं, ते एका पडवीत समोरासमोर बसलेल्या त्या दोन पुरुषांना माहीत होतं. मीच तेवढी हसत भात खात होते.

"मला सांगायचं होतं," मी म्हटलं. "त्यांना नाही तर नाही, मला."

त्यांनी पुन्हा विळा घेतला. धार केव्हाच लागलेली होती.

साठवलेले पैसे घरात होते, पण दुसऱ्याची चिठ्ठी विकत घ्यायची तर तिचाच भाव आता त्यांच्या कितीतरी पट झाला होता. को टिन बाजारामागच्या गॅरेजात दुसऱ्यांच्या गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बदलायला जाऊ लागले. साठीला आलेला माणूस, दिवसभर गाडीखाली उताणा. मी भात वाढायचे, ते जेवायचे. डबा फडताळावर होता, त्याला कुणी हात लावला नाही.

जानेवारी आला. कसला परवाना आणि कसली सही. पण त्या दिवशी सकाळी मी उठले तर मागच्या अंगणात झाडाखाली को टिन संत्री तोडत होते. त्यांना निवडता येत नाहीत. हिरवी, पिवळी, देठापानांसकट सगळी टोपलीत. माझं जुनं फडकं घेऊन त्यांनी टोपलीचं तोंड बांधलं, गाठ दोनदा मारली. स्वच्छ जॅकेट घातलं. मी दारात उभी होते. ते माझ्याकडे न बघता खांद्यावर टोपली घेऊन चढाच्या रस्त्याने पायी गेले. तासाभराने रिकाम्या हातांनी आले आणि गॅरेजात गेले.

संध्याकाळी ते हातपाय धूत असताना फाटकाशी गाडी थांबली. जावई उतरला, टोपली खाली ठेवली आणि परत चढला. पजेरो वळून चढाला लागली. पहिल्याच वळणावर इंजिन धापा टाकायला लागलं. को टिन ओल्या हातांनी उभे राहून ऐकत होते, आणि त्यांचा हात कमरेशी, हवेत, कशाभोवती तरी मिटला होता.

"दुसऱ्यात टाक," ते पुटपुटले. वर कुणालातरी उशिरा सुचलं, आवाज सरळ झाला आणि डोंगराआड गेला.

मी टोपली आत आणली. फडक्याची गाठ सकाळचीच होती, दोनदा मारलेली. एकही संत्रं कमी नव्हतं.

ती आम्हाला आठवडाभर पुरली. ते सकाळी मागच्या अंगणात खायचे, मी दुपारी पुढच्या दारात.