टाकीचा सौदा

"ट्रालीभर शेणखत चार हजाराला जातंय. आन् तू माझ्या घरातून गाडीभर खत भरून नेणार, वर मलाच पैशे मागणार? हा कुठला न्याव झाला?"

एवढं बोलून पुंजारामने खांद्यावरचा रुमाल झटकला. समोर साहेबराव उभा होता आणि त्याच्यामागे त्याचा टँकर. संडासाच्या टाक्या उपसायचा साहेबरावचा भोकरदनला धंदा होता. राजूरपासून इकडची सगळी गावं त्याच्याकडेच. किंमत ऐकून बोंब मारणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती, पण आपल्या घाणीचा भाव मागणारा माणूस त्याला आज पहिल्यांदा भेटला.

नंदाबाई दारात उभी राहून ऐकत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या अकलेला हात जोडत होती. आठ दिवस झाले, संडासात पाणी टाकलं की ते खाली जायच्या ऐवजी वर यायचं. गुडघा धरून ती पुन्हा पहाटे ओढ्याकडे जायला लागली होती. घरात संडास व्हावा म्हणून तिने किती वर्षं या माणसाचं डोकं खाल्लं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि आता रविवारी कल्याणला बघायला बदनापूरकडचे पाहुणे येणार होते.

कल्याण त्यांचा एकुलता एक. रान चांगलं, विहिरीला पाणी, पोरगा निर्व्यसनी, पण तिशी उलटली तरी लग्न जमेना. मुलीकडचे हल्ली दोनच गोष्टी विचारतात: पोरगा नोकरीला आहे का आणि घरात संडास आहे का. पहिल्या प्रश्नाला कल्याण नापास होता. पास व्हायचं ते दुसऱ्यातच, आणि तोच तुंबून बसलेला.

"काका, असं बघा," साहेबराव शांतपणे म्हणाला. "ट्रिपला दोन हजार. टाकी लहान असली तर एका ट्रिपीत भागतं. लांबचं गाव असंल, पाइप जास्ती लागला, तर खर्चा वाढतो. गाळ बसून कडक झाला असंल तर पाणी मारून ढिला करावा लागतो, ते वेगळं. तुमची टाकी केवढी हाय?"

इथे पुंजारामची छाती फुगली. टाकी त्याने स्वतः उभं राहून खणून घेतली होती, चांगली बारव खणल्यासारखी. नातवंडं म्हातारी झाली तरी भरणार नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. वर स्लॅब टाकून शहाबादी फरशीचा ओटा बांधला होता आणि त्याच ओट्यावर बसून तो गावाला शहाणपण शिकवायचा.

"अशी टाकी तालुक्यात न्हाई," तो म्हणाला.

"मंग दोन ट्रिपा धरा. चार हजार."

"चार? त्यापरीस मी दोन गडी बादली घेऊन आत उतरवतो!"

"तसलं बिलकुल करू नका," साहेबरावचा आवाज चढला. "आत वायू असतो. उतरलेला माणूस वर येत न्हाई. हे मशीनचंच काम हाय."

यावर पुंजारामने त्याला जवळ ओढला आणि स्वतःच्या व साहेबरावच्या हातावर रुमाल पसरला. बैलबाजारात पुंजारामने उभी हयात काढली होती. तिथला सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली बोटं दाबून होतो, म्हणजे बघणाऱ्याला भाव कळत नाही. बघणारे तोवर चार-पाच जमले होतेच. पुंजारामने डोळे मिटून बोटं दाबली आणि साहेबरावने चटका बसल्यासारखा हात बाहेर ओढला.

"आरं, हा तर मलाच पाचशे मागू राह्यला!" तो ओरडला. "आज फुकट हेलपाटा झाला. पुढच्या टायमाला डिझेल धरून भाव सांगीन."

टँकर धूळ उडवत गेला. पुंजाराम मात्र खुशीत होता. "येतंय बघ दोन दिवसांत, भाव उतरवून. आडलेलं गिऱ्हाईक हाय त्ये."

"आडलेलं कोण हाय, ते माझ्या गुडघ्याला इचारा," नंदाबाई म्हणाली आणि आत गेली.

रविवार उजाडला. टँकर काही आला नव्हता. नंदाबाईने संडासाला कुलूप घातलं, ओटा धुऊन घेतला, उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा जाळला. पाहुणे आले. मुलीचे वडील भारतराव, आई दैवशालाबाई आणि मुलगी वंदना. ओट्यावरच्या सतरंजीवर बैठक बसली. पोहे झाले, चहा झाला. कल्याण आणि वंदना एकमेकांकडे बघून दोनदा हसले, तसा नंदाबाईचा जीव जरा भांड्यात पडला.

तेवढ्यात दैवशालाबाईंनी विचारलं, "संडास कुठंशी हाय?"

"हाय की, मागं हाय," नंदाबाई गडबडली. "पर चावी कुठं ठिवली बाई…"

"ही काय चावी!" पुंजारामने खिशातून दुसरी चावी काढली. "बघा, बघा. अशी टाकी तालुक्यात न्हाई!"

नंदाबाईला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं.

दैवशालाबाई बाई मोठी खमकी. त्यांनी नुसतं बघितलं नाही. बादली भरली आणि ओतली. पाणी भांड्याच्या काठापर्यंत वर आलं आणि तिथेच थांबलं. सोबत वास आला. उदबत्त्यांचा त्याच्यापुढे टिकाव लागला नाही.

"आमच्या थोरलीला बी असंच घर दाखवलं," त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या. "संडास होता, पर आत सरपण भरलेलं. पोरगी आजून पाटाच्या कडंला जाती. दुसरीला तसं होऊ देणार न्हाई. उठा."

भारतरावांनी चपलेत पाय घातला. कल्याणचं तोंड एवढंसं झालं. आता मात्र नंदाबाईला राहवेना.

"ताई, थांबा. खोटं बोलले, कुलूप मीच घातलं. टाकी भरली हाय. गाडी दारात आल्ती, ह्यांनी भांडून लावून दिली. मी बी धा-बारा दिस झाले, ह्या दुखऱ्या गुडघ्यानं ओढ्याला जाऊन राह्यले. कल्याण, लाव फोन त्या साहेबरावला. म्हणावं, जल्दी ये."

दैवशालाबाईंनी तिच्या गुडघ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बसल्या. "बोलवा मंग. आमी बसतो."

तासाभराने टँकर आला. साहेबरावने पाइप खांद्यावर टाकला. "टाकीचं तोंड कुठंय?"

"पाव्हण्यांच्या खाली," कल्याण म्हणाला.

पाहुणे उठले, सतरंजी गुंडाळली, फरशी पहारीने उचकटली आणि झाकण निघालं. साहेबरावने आत बांबू घालून बघितलं. "गाळ पार दगड झाला. पाणी मारावं लागंल. तीन ट्रिपा, वर मागचा हेलपाटा."

पुंजारामने सवयीप्रमाणे त्याचा हात धरला आणि रुमाल पसरला. बोटं दाबणार, तोच नंदाबाईने तो रुमाल ओढून घेतला आणि स्वतःच्या नाकाला गच्च बांधला.

"आता बोला मोठ्यानं," ती रुमालाच्या आतून म्हणाली. "समद्यांना ऐकू द्या."

"साडेसहा हजार," साहेबराव मोठ्याने म्हणाला.

पुंजारामने भारतरावांकडे बघितलं, दैवशालाबाईंकडे बघितलं. सगळं गाव कुंपणाला लागलेलं. "दे… देऊ की," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्यात काय मोठं."

मशीन धडधडायला लागलं. ट्रालीभर खत चाललंय, याचं दुःख पुंजारामच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिसरी ट्रिप भरली तेव्हा ऊन कललं होतं. दैवशालाबाई पुन्हा मागे गेल्या आणि बादली ओतली. गडगड आवाज करत पाणी खाली गेलं. त्या पदराला हात पुसत आल्या.

"विहीणबाई," त्यांनी हाक मारली, आणि ते ऐकून नंदाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आमाला देणं-घेणं काई नको. एकच बोली. दर तीन वर्साला टाकी उपसायची. न भांडता, जो भाव चालू असंल त्या भावानं."

"दर तीन वर्साला?" पुंजाराम दचकला. "पाच करा की. नायतर खर्चा तरी आर्धा…"

बोलता बोलता त्याचा हात सवयीने खांद्यावर गेला. खांदा मोकळा होता. त्याने बायकोकडे बघितलं. रुमालाच्या वर तिचे नुसते डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

"बोली कबूल," रुमालाच्या आतून नंदाबाई म्हणाली.