कपाळावरचं स्टिकर

मी एक जुना कटर आहे, मित्रांनो. लोखंड कापणारा! पाइप म्हणू नका, अँगल म्हणू नका, समोर आलं की त्याचे दोन झालेच. आणि मी काही ऐरागैरा नाही, मोठ्या नावाच्या कंपनीचा आहे. पटत नसेल तर माझ्या कपाळावरचं लाल स्टिकर वाचा.

वाचलंत? छान. आता खरं सांगतो. स्टिकर त्या कंपनीचं आहे. मी नाही.

झालं असं, की फाटकं आणि जिने बनवणाऱ्या वेल्डरकाकांचा आधीचा कटर चौदा वर्षं राबून एका सकाळी धूर सोडून गेला. तो मात्र खरोखर त्या कंपनीचा. काका हट्टाला पेटले, "घेईन तर तसलाच!" तो यायला पंधरा दिवस लागणार होते आणि शेजारच्या बालवाडीला फाटक पाच दिवसांत हवं होतं. जुनं फाटक मोडलं होतं, मुलं सारखी रस्त्यावर पळत होती.

म्हणून काकूच दुकानात आल्या. मी सगळ्यात खालच्या फळीवर. स्वस्तातला, हिरवा. दुकानदार म्हणाला, "वहिनी, कापतो हो हा पण. फक्त ओरडतो जास्त."

"ओरडणाऱ्याची सवय आहे मला," म्हणत काकूंनी मला उचललं.

घरी येऊन त्यांनी जुन्या कटरच्या स्टिकरजवळ गरम इस्त्री धरली, ते अलगद सोडवलं आणि डिंक फासून माझ्या कपाळावर थापलं.

काका आले. "हिरवा कसा काय?"

"नवीन मॉडेल आहे."

काकांनी चष्मा चढवला, चौकोनी पाइप कापला आणि कापलेल्या तोंडाला काटकोन तपासायचा गुण्या लावला. काटकोन कुठला! चांगली फट दिसत होती. काकांनी पत्र्याचा एक कपटा माझ्या आधारपट्टीमागे सारला, पुन्हा कापलं, पुन्हा गुण्या लावला. मग एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "याला म्हणतात कंपनीचा माल!" की आत काकूंच्या हातातली पळी पडली.

फाटक पाचव्या दिवशी लागलं. ते आत उघडायच्या ऐवजी बाहेर उघडत होतं, पण तो काही माझा दोष नव्हे.

पुढची सहा वर्षं मी कापत राहिलो. ओरडलो, थरथरलो, दोनदा टेबलावरून सरकत सरकत काकांच्या जेवणाच्या डब्यावर पडलो. तरी काका माझ्या अंगावरची लोखंडाची पूड रोज झटकायचे, चकती झिजली की आधी प्लग काढून मगच नवी लावायचे. आणि येईल त्याला माझं स्टिकर दाखवायचे. तेव्हा काकू मान खाली घालून चहा ठेवून जायच्या.

एक दिवस त्याच कंपनीचा माणूस आला. जुन्या गिऱ्हाइकांच्या मशिनी फुकट तपासून द्यायला! काकू पांढऱ्याफटक पडल्या. काका "नको नको" म्हणत असताना त्यानं मला उलटं केलंच. डिंक सुटून चिकचिकीत झालेलं स्टिकर निसटून मागच्या स्टुलावर पडलं.

"काका, फसवलं तुम्हाला कुणीतरी! हा आमचा नाहीच."

"तुमचा नसेल," काका म्हणाले. "आमचा आहे."

काकू दारातच थबकल्या. "म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, स्टिकरवरचा तो जळका ठिपका माझ्याच वेल्डिंगचा. पहिल्याच दिवशी ओळखला."

"मग सहा वर्षं कंपनीचा माल, कंपनीचा माल काय लावलं होतं?"

"तू एवढ्या निगुतीनं चिकटवलं होतंस. म्हटलं, असू दे."

काकूंनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिघांचा चहा टाकला.

मित्रांनो, महागाचा घ्या नाहीतर स्वस्तातला, आधी गुण्या लावून बघा. मग मात्र त्याला पुसा, झटका, जपा. एखाद्या कपट्यानं सरळ होत असेल तर होऊ द्या.

कंपनीचा माणूस स्टुलावर बसून चहा प्यायला आणि मोटारसायकलवरून निघून गेला. काकूंनी स्टिकर सगळीकडे शोधलं. ते त्याच्या पँटला मागून चिकटलं होतं.