शिडी नेऊ का?

पंजाबराव इंगळ्यांच्या मुलीचं, महामायेचं लग्न १९९१ साली झालं. मांडव बांधायला उंच चढावं लागणार होतं, म्हणून पंजाबरावांनी मोताळ्याच्या बाजारातून दोन लांब वेळू आणले, बाभळीच्या दांड्या तासल्या आणि मला तयार केलं. मित्रांनो, मी तीच शिडी. आता जुनी झाले आहे.

लग्न झालं आणि मला ठेवायला घरात जागा नव्हती. पंजाबराव म्हणाले, "राहू द्या बाहेर. ज्याले लागन तो नेईन." तेव्हापासून मी गल्लीची झाले. नियम एकच होता. मी ज्याच्या दाराशी उभी असेन, त्याला विचारायचं, "शिडी नेऊ का?" आतून "ने" असा आवाज आला की मगच मला उचलायचं.

त्या वेळी सगळी घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची होती. उन्हाळ्यात बायका माझ्यावरून कुरड्यांची ताटं वर नेत. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायला माणसं चढत. शकूर पिंजारी पलीकडच्या गल्लीतून यायचा, लिंबाचा पाला तोडायला मला न्यायचा. मी कोणाकडे आहे हे कोणालाच नक्की माहीत नसे. शोधायला निघालेला माणूस तीन दारं फिरायचा, चहा प्यायचा. कोण आजारी आहे, कोणाची सून बाळंत झाली, हे त्याला वाटेतच कळायचं. कधी कधी तर गप्पांच्या नादात तो मला न्यायचंच विसरायचा.

पुढे स्लॅबची घरं आली. जिन्यासकट. कुरड्या पुडक्यात मिळू लागल्या. प्रत्येक घराची टाकी वेगळी, टीव्ही वेगळा, गेट वेगळं. शेजारच्या संघर्ष नावाच्या पोराने मोबाईलवरून घडीची चकचकीत शिडी मागवली आणि गेटच्या आत कुलपात ठेवली. मला न्यायला कोणी येईना.

पंजाबराव वारले. धाब्याचं घर त्यांच्या बायकोचं, एकट्या तानाबाईंचं उरलं. त्यांच्याच भिंतीला मी टेकलेली राहिले. महामाया पुण्याला असते. तिने आईला लोखंडी दार बसवून दिलं, मोबाईल दिला. मीठ, तेल, साबण सगळं पार्सलने येऊ लागलं. "माय, आता तुले कोनाच्या दारी जायचं कामच नाही," असं ती मोठ्या प्रेमाने म्हणाली होती. तानाबाई हसल्या होत्या. पण त्यानंतर खरोखरच त्यांचं कोणाच्या दारी जाणं थांबलं.

मित्रांनो, यंदाच्या वैशाखात एका सकाळी आत काहीतरी धपकन पडलं. मग कण्हणं ऐकू आलं. दाराची कडी आतून लावलेली होती. थोड्या वेळाने भिंतीवर आवाज येऊ लागला. टक. टक. तानाबाई तांब्या भिंतीवर आपटत होत्या. मी त्याच भिंतीला टेकलेली. प्रत्येक ठोका माझ्या वेळूतून वरपर्यंत जात होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

आत मोबाईल वाजला. तो फळीवर होता. वाजून वाजून थांबला.

दुपारी पार्सलवाला आला. त्याने दार ठोठावलं, हाक मारली. समोरच्या घरात नवे स्पीकर दणदणत होते. त्या आवाजात तांब्याचा आवाज बुडाला. त्याने खोकं माझ्या पायाशी ठेवलं, फोटो काढला आणि गाडीला किक मारली. तो फोटो पुण्यात महामायेला पोचला. सामान मिळालं, म्हणजे आई ठीक आहे, असं तिला वाटलं. तिने पुन्हा फोन केला नाही.

संध्याकाळी संघर्ष आला. त्याने हेल्मेट माझ्या दांडीला अडकवलं. कानात हेडफोन होते. खोकं पाहून तो स्वतःशीच म्हणाला, "मोठीमाय झोपली असन." कुत्रं फाडेल म्हणून त्याने खोकं ओट्यावर सरकवलं. मुलगा वाईट नाही. पण ठोका त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर पडत होता, आणि तो हेल्मेट घेऊन घरात गेला.

सकाळपर्यंत ठोके विरळ झाले. मग थांबले.

तेवढ्यात काठी टेकत शकूरचाचा आला. बकऱ्यांना पाला तोडायचा होता.

"भाभी, शिडी नेऊ का?"

आतून आवाज नाही. त्याने पुन्हा हाक मारली. गाडी काढता काढता संघर्ष हसला. "न्या ना चाचा! कोन विचारते आता? काऊन उभे राह्यले?"

"आवाज आल्याबिगर मी कधी हात नाही लावला बे."

"कोन्या जमान्यात आहा तुम्ही? तुमच्या पोराले, अकीलले सांगा, मोबाईलवर नवी शिडी मागवून देईन तो."

"तो तर रोजच म्हनते. मी म्हनलं, नको. मंग मी कोनाच्या दारी जाऊ?"

शकूरचाचा तिथेच उभा राहिला. मग त्याला ओट्यावरचं खोकं दिसलं. त्याचा चेहरा बदलला. "हे कवाचं आहे?"

"कालचं," संघर्ष म्हणाला, आणि म्हणता म्हणताच गाडीवरून उतरला.

चाचाने माझ्या वेळूला कान लावला. त्याच वेळी आतून एकच ठोका आला. टक.

"हाय! जित्ती हाय! दार तोड बे!"

दोघांनी दाराला धडका दिल्या. लोखंडी दार हललं नाही. संघर्षने त्याची चकचकीत शिडी आणली, ती धाब्यापर्यंत पोचेना. मग त्याने मला सरळ लावलं आणि चढू लागला. माझी मधली दांडी कडकन मोडली. मी वेळू घट्ट धरून ठेवले. तो वर पोचला. उजेडासाठी धाब्यात ठेवलेल्या सान्यावरचा पत्रा त्याने काढला, मला वर ओढलं आणि त्या भोकातून आत सोडलं.

तानाबाई चुलीपाशी पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं. ओठ कोरडे. संघर्षने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, आणि तो रडू लागला.

"शकूरभाऊले सांग," त्या पुटपुटल्या. "मी 'ने' म्हनलं होतं. आवाजच नाही निघाला."

महामाया त्याच दिवशी बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचली. मोबाईलमधला तो फोटो तिने शकूरचाचाला दाखवला. खोकं, बंद दार आणि कडेला मी.

संघर्षने माझी मोडलेली दांडी नवी बसवली आहे. सध्या मी शकूरचाचाच्या दाराशी असते. मित्रांनो, तुमच्याकडे तुमची शिडी असली, तरी कधी शेजारच्याची मागायला जा. दारात उभं राहून हाक मारा. आतून "ने" आलं नाही, तर शिडी नेऊ नका. आधी दार उघडा.

तानाबाई पंजाबराव इंगळे बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, २४ मे २०२४ रोजी, दवाखान्यात वारल्या.