हातवाल्या बाबांचं चूर्ण

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेचा मोठा हंडा होता आणि लोक रांगेने येऊन त्यात आपापली औषधं टाकत होते. झोपेच्या गोळ्या, मनाच्या गोळ्या, पाकिटंच्या पाकिटं. हंड्यामागे हातवाले बाबा बसलेले. ते डोक्यावर हात ठेवतात आणि मनाचा आजार पळतो, म्हणून हे नाव.

"तुम्ही गोळी खाता, की गोळी तुम्हाला खाते?" बाबांनी माईकवरून विचारलं.

"गोळी आम्हाला खाते!" हॉल गरजला.

"मग टाका ते विष!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या रांगेत माझी वहिनी होती आणि तिला हाताला धरून नेणारा माझा दादा होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. घरात मात्र 'तुझं आपलं काहीतरीच' यापलीकडे माझ्या बोलण्याला किंमत नव्हती.

वहिनी घरी कपडे शिवायची. मागे तिला नैराश्याने असं घेरलं होतं की मशीनवर ठेवलेलं कापड तसंच पडून राही. गोळ्यांनी ती सावरली. पण हल्ली म्हणायची, "रडू येत नाही, तसं हसूही येत नाही गं. सगळं सपाट वाटतं." तक्रार खरी होती. ती डॉक्टरांना सांगायची, तर हिने सांगितली बाबांना.

गोळ्या एका दिवसात सुटल्या. सुरुवातीला ती खुशीत होती. मग गरगरायला लागलं, मळमळ, भलतीसलती स्वप्नं. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका. असाच एक झटका शिवताना आला आणि मशीनची सुई तिच्या बोटात घुसली.

दादाने बाबांना गाठलं. बाबा एकदम प्रसन्न. "विष बाहेर पडतंय! जितका त्रास मोठा, तितकं विष जास्त. हे चूर्ण घ्या, रोज चिमूटभर."

आणि चूर्णाने खरंच गुण आला. झटके थांबले, वहिनी जेवायला लागली.

"आता बोल," दादा मला म्हणाला. "कुठे गेलं तुझं विज्ञान?"

मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या.

पुढची पुडी मात्र लागू पडेना. बाबांकडे उत्तर तयार होतं: "श्रद्धा कमी पडली." झालं, वहिनी स्वतःलाच दोष देत बसली. शिवायला आलेले कपडे तिने परत पाठवले. एका दुपारी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात देत म्हणाली, "तू सांभाळ आता. मी नसले की तुमचं सगळं सुरळीत होईल."

मी किल्ल्या बाजूला ठेवल्या आणि तिचा हात धरला.

"वहिनी, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का तुला?" मी सरळ विचारलं.

तिने मान हलवली. होय.

मी तिला क्षणभरही एकटं सोडलं नाही. दादाला कामावरून बोलावून घेतलं आणि तिघं थेट तिच्या जुन्या डॉक्टरबाईंकडे गेलो. जाताना ती पुडीही घेतली.

बाईंनी आधी वहिनीला जवळ बसवून सगळं ऐकून घेतलं. पुन्हा औषध सुरू केलं, तिला एकटं ठेवू नका म्हणाल्या. मग चूर्ण कागदावर पसरून भिंगाखाली धरलं. पांढऱ्या भुकटीत गुलाबी, पिवळे, निळे कण होते.

"हे गोळ्यांवरचं रंगीत कवच दिसतंय," त्या म्हणाल्या. "तपासायला पाठवते."

प्रयोगशाळेचं उत्तर आलं: नैराश्याची निरनिराळी औषधं, झोपेचं एक, रक्तदाबाचंही. हंड्यात पडलेल्या गोळ्या दळून तेच चूर्ण म्हणून वाटलं जात होतं!

"मेंदूला औषधाची सवय झालेली असते," बाईंनी दादाला समजावलं. "ते एकदम काढून घेतलं की असे झटके बसतात. विषबिष काही नाही. पहिल्या पुडीत यांच्या औषधाचा अंश जास्त आला असेल, म्हणून आराम पडला. दुसरीत भलत्याच कुणाच्या गोळ्या. त्यात जुना आजारही उलटला."

दादा दुसऱ्याच दिवशी हॉलवर गेला. मीही सोबत होते. त्याने सरळ व्यासपीठामागची खोली उघडली; आत मिक्सर आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग. ओंजळभर पाकिटं घेऊन तो माईकपाशी आला.

"माझ्या बायकोची गोळी विष म्हणून काढून घेतलीत," तो बाबांना म्हणाला, "आणि तीच दळून औषध म्हणून परत दिलीत?"

बाबा 'श्रद्धा, श्रद्धा' म्हणत उठले आणि मागच्या दाराने निघून गेले. हॉलमधली एक बाई घाबरून म्हणाली, "म्हणजे उद्यापासून पुडी मिळायची नाही? मी काय करू?"

त्या प्रश्नाने मला बाबांपेक्षा जास्त भीती वाटली. मी म्हटलं, "पुडी सोडा, पण जुनी गोळीही आपल्या मनाने सुरू करू नका. आजच तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि काय काय घेतलंत ते लाज न बाळगता सांगा."

वहिनीला सावरायला बरेच महिने लागले. सपाट वाटण्याची तक्रार तिने अखेर बाईंसमोर काढली. "हे मी आधीच विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी औषध बदललं. पुढे प्रकृती स्थिरावल्यावर मात्रा थोडी थोडी कमी करायला घेतली. मध्येच त्रास झाला, तेव्हा एक पायरी मागे जाऊन तिथेच थांबल्या. कुणीही श्रद्धा मोजली नाही.

गोळी आयुष्यभर घ्याच, असं मी म्हणत नाही. नकोशी झाली तर जरूर बोला. पण ज्याने ती दिली त्याच्याशी बोला, आणि सावकाश उतरा. त्रास झाला की तुमचाच दोष, आणि बरं वाटलं की माझा चमत्कार, असं जो सांगेल त्याला एवढंच विचारा: "तुमच्या चूर्णात काय आहे?"