आबांचा काँगो

हवालदार कृष्णात रिटायर होऊन रहिमतपूरला आला त्याला बारा वर्षं झाली आणि त्या बारा वर्षांत काँगो हा देश त्याने जवळजवळ एकट्याने चालवला. शांतिसेनेत सात महिने पाण्याचा टँकर चालवला होता, एवढंच. पण स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर ते सात महिने काही संपत नव्हते. तिथली माणसं नागडी फिरतात, कमरेला पाला गुंडाळतात, परका माणूस दिसला की भाले परजतात. टपरीवाला शमशेर दर वेळी विचारायचा, "मग तुमास्नी खाल्लं कसं न्हाई?" आणि कृष्णात नुसता मिशीवरून हात फिरवायचा.

त्यामुळे शाळेच्या गॅदरिंगला 'देशोदेशीचे नाच' ठरल्यावर विश्वजीत सर सल्ल्यासाठी थेट त्याच्याकडे आले. कृष्णातने तोऱ्यात सगळं सांगितलं. कमरेला उसाचं पाचट, गळ्यात हाडं, तोंडाला कोळसा आणि खोबरेल. पाचट अंगाला चावतं हे त्याला ठाऊक होतं, पण ते त्याला थोडंच नेसायचं होतं!

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी त्याची सातवीतली नात राजनंदिनी शाळेतून आली ती सरळ मोरीत शिरली. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा तोंड पिवळंजर्द. सांगलीच्या आत्याने पाठवलेली वर्षाची हळद निम्मी खलास. आजी रंगूबाई ओरडायला निघाली होती, पण पोरीचे डोळे बघून तिने नुसता हळदीचा डबा उचलून ठेवला.

"काय झालं गं?" कृष्णातने विचारलं.

"सर म्हणाले, सगळ्यांनी कोळसा लावा, राजनंदिनीला गरज न्हाई, ती म्होरं हुबी ऱ्हाईल. सगळी लय हसली. आता मला काँगोवाली म्हणत्यात. मी शाळंत जाणार न्हाई. कवाच न्हाई."

"आगं, चेष्टा करत्यात पोरं."

"आबा, ती माणसं कशी असत्यात ते तुमीच सांगितलंय की गावाला."

कृष्णातला लाज वाटली आणि लाजेहून जास्त भीती वाटली. खरं बोलावं तर बारा वर्षांचा रुबाब मातीत, न बोलावं तर पोरगी घरात.

दुसऱ्या दिवशी रंगूबाईने नातीला जवळजवळ ओढतच मांडवात आणून बसवलं. हळद अजून गेली नव्हती. पडद्यामागे काळी तोंडं केलेली बावीस पोरं पाचटाने हैराण होऊन कराकरा खाजवत होती. सरांनी कृष्णातला दोन शब्द बोलायला माइकवर बोलावलं.

"मंडळी," कृष्णात म्हणाला, "बारा वर्सं मी थापा मारल्या. तिथं नागडा कोण आसंल तर त्यो मी."

शमशेर खुर्चीत पुढे सरकून बसला.

"तळ्यावर टँकर भरायला लावला नि आंघुळीला उतरलो. काठावरची कापडं शेळीनं खाल्ली. तेवढ्यात तिथल्या शाळंतल्या बाई पोरांची रांग घिऊन आल्या. पोरं इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आन मी गळ्याएवढ्या पाण्यात. बाईंनी पोरांस्नी तोंडं फिरवायला लावली, खांद्यावरचं फुलाफुलांचं कापड दगडावर ठिवलं नि गेल्या. त्ये नेसून मी कॅम्पात सायबाला सल्यूट ठोकला."

मांडव फुटला. शमशेर तर खुर्चीसकट आडवा झाला.

"हसा. पर म्होरले सा म्हैने टँकर शाळंपाशी थांबला की त्या बाई मला उकडलेलं कणीस द्यायच्या. माझी नात त्यांच्यावाणी दिसती म्हणता न्हवं? दिसू द्या. आपल्यापरीस बरी माणसं हायेत ती."

टाळ्या पडल्या. सर खाली मान घालून उभे होते. पोरांनी कुणाला न विचारता पाचट फेकून दिलं आणि काळ्या तोंडानेच लेझीम धरली.

राजनंदिनी गर्दीतून वाट काढत आली आणि तिने आजोबाचा हात घट्ट धरला.

"आबा, त्या बाईंचं नाव काय हुतं?"

कृष्णातने तोंड उघडलं. शेळीच्या मालकाचं नाव त्याला आठवत होतं.

"कवा इचारलंच न्हाई गं," तो म्हणाला. "टँकरवर आमी सगळी त्यांना काळी म्हणायचो."

राजनंदिनीने हात सोडला.